गोठ्यातलं चार्जिंग : नशिराबादच्या घरातल्या नोंदी

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

इलेक्ट्रिक स्कूटर मार्चच्या पहिल्या आठवड्यात येईल. त्याआधी घर तपासून घेतोय. शोरूमवाला म्हणाला, "कुठल्याही पिनला लावा साहेब, मोबाईलसारखी चार्ज होते." मोबाईलचा चार्जर वीस-पंचवीस वॅट ओढतो, हा गाडीचा साडेसातशे देणारा आहे.

बॅटरी ३ किलोवॅट-तासाची, म्हणजे आपल्या बिलातल्या तीन युनिटची. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टचे लिथियम) सेल, १४ एकापुढे एक जोडलेले, पॅक गाडीतून काढता येत नाही. चार्जरची स्वतःची नासाडी धरून भिंतीतून साडेआठशे वॅटच्या आसपास जाणार, २३० व्होल्टला पावणेचार अँपिअर. कागदावर हे ६ अँपिअरच्या सॉकेटला झेपतं. पण मिक्सर पाच मिनिटं चालतो, इस्त्री मधूनमधून आपोआप बंद होते, चार्जर मात्र तासन्‌तास तेवढाच करंट ओढत राहतो. सॉकेटातली पितळी पट्टी सैल असली की सगळी धग तिथं.

शेजारच्या नानांकडे दोन वर्षांपासून स्कूटर आहे. कूलरच्याच एक्स्टेन्शन बोर्डावर लावतात. आज मुद्दाम प्लग काढून बघितला. फेजची पिन निळसर काळी पडलेली, भोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन उडदाच्या पापडासारखं फुगलेलं. नाना म्हणाले, "ते तर पह्यल्या उन्हाळ्यातच झालं भो. चालून तर राह्यलं ना!" यालाच घाबरायचं असतं. पूर्ण जळालं असतं तर बदललं तरी असतं.

आपल्या बिलावर मंजूर भार १ किलोवॅट. फ्रिज, कूलर, पाण्याची मोटर, त्यात आता हे. भार वाढवायचा अर्ज टाकला. घरच्या गाडीसाठी वेगळ्या मीटरची सक्ती नाही. घरी खाजगी चार्जिंग करायला केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतच परवानगी आहे.

२३ फेब्रुवारी

जागा ठरली. अंगणातलं पत्र्याचं शेड सोयीचं होतं, दारातून थेट आत. पण मे महिन्यात त्याच्याखाली कोंबडीसुद्धा बसत नाही. ओसरीचा विचार दोन मिनिटांत सोडला. रात्री सगळे तिथंच झोपतात, आणि झोपलेल्या माणसांच्या उशाशी चार्जिंग नको. राहिला गोठा. बैलजोडी विकल्यापासून रिकामा, घरापासून सुटा, वर मातीचं धाबं, भिंती दोन फूट जाड. आतल्या पऱ्हाट्या, तुराट्या आणि कडब्याच्या पेंढ्या आधी बाहेर काढायच्या. ती अट घरात सगळ्यांना सांगितली.

आबांचं म्हणणं: "बैलांसाठी गोठ्यात बल्ब लावायला तुला आठ वर्षं लागली. गाडी यायच्या आधीच लाईन?" उत्तर नव्हतं.

२ मार्च

आजचा सगळा दिवस अर्थिंगमध्ये गेला, आणि जाणं योग्यच होतं.

जुना बोर्ड उघडला तर सॉकेटच्या अर्थच्या पिनेतून तांबड्या वायरचा तुकडा निघून थेट न्यूट्रलला बांधलेला. गावात हा प्रकार घरोघरी सापडेल. टेस्टरनं बघितलं तर सगळं ठीक दिसतं, चार्जरचा अर्थचा लाल दिवाही विझतो, म्हणून वायरमन हे करून मोकळा होतो. पण खांबावर न्यूट्रल तुटला, आणि वाऱ्यात तो तुटतोच, की फ्रिजच्या दारापासून स्कूटरच्या सांगाड्यापर्यंत सगळ्याला फेज येऊन बसते. तुकडा कापून टाकला.

नवा खड्डा नहाणीच्या मागं, सांडपाणी मुरतं तिथं. अडीच मीटर जीआय पाईप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं. आपली काळी माती ओली असताना अर्थिंगला उत्तम, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पाईपाला सोडून देते. म्हणून नहाणीची जागा. कारखान्यातून अर्थ टेस्टर आणला होता (मेंटेनन्सला असल्याचा एवढाच फायदा). रीडिंग ४.१ ओम. फेज-न्यूट्रल २३२ व्होल्ट, फेज-अर्थ २३०, न्यूट्रल-अर्थ दीडच्या आसपास.

सोबत आलेला वायरमन म्हणाला, आता एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) आहे, अर्थिंग आहे, आरसीसीबी (करंट गळला की पडणारा) कशाला? हिशेब त्याच्यापुढे कागदावर मांडला. फेज गाडीच्या बॉडीला लागली तर ४ ओमच्या खड्ड्यातून जास्तीत जास्त २३० भागिले ४, सत्तावन्न-अठ्ठावन्न अँपिअर जाणार. खांबाकडच्या अर्थिंगचा अडथळा धरला तर त्याहून कमी. १६ अँपिअरचा सी-कर्व्ह प्रकारचा एमसीबी झटक्यात पडायला त्याच्या पाच ते दहा पट करंट लागतो. म्हणजे तो लगेच पडेलच असं नाही, आणि तेवढा वेळ गाडीला हात लावलेला माणूस थांबू शकत नाही. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पडतो. तो नसेल तर खड्डा अर्धाच कामाचा. वायरमननं कागद घडी करून खिशात घातला.

५ मार्च

लाईन पूर्ण. मेन बोर्डपासून गोठ्यापर्यंत वेगळी तांब्याची वायर. अडीच स्क्वेअर एमएम पुरली असती, अंतर जास्त म्हणून चार टाकली. १६ अँपिअर एमसीबी, आरसीसीबी, व्होल्टेजचे झटके रोखणारा एसपीडी, पत्र्याच्या पेटीत १६ अँपिअरचा आयएसआय सॉकेट, कमरेच्या वर उंचीवर. पेटीत छोटा सबमीटर. फळीवर चार्जर ठेवायला जागा. मागून वारा जायला फळीत भोकं पाडली.

९ मार्च

गाडी आली. नारळ फोडला, आईनं हँडलला लिंबू-मिरची बांधली.

पहिलं चार्जिंग क्लॅम्प मीटर लावून बघितलं. २० टक्क्यांपासून ऐंशीपर्यंत करंट ३.७ वर जवळपास स्थिर. ऐंशी ओलांडल्यावर हळूहळू उतरायला लागला, नव्वदला अडीच, शेवटी एकच्या खाली. चार्जर आधी ठरावीक करंट देतो, सेल ४.२ व्होल्टच्या जवळ आले की व्होल्टेज धरून ठेवतो आणि करंट कमी करत नेतो. शेवटच्या टक्क्यांना वेळ म्हणून लागतो, आणि वर-खाली झालेले सेल सारखे करायचं बीएमएसचं (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटचं) कामही तिथंच चालतं. सरळ टप्प्यात ठोकताळा सोपा: तासाला २५ टक्के.

१६ मार्च

पायाभूत रीडिंग घेतलं. १५ ते १०० टक्के, सबमीटरवर २.९५ युनिट. बॅटरीत गेले अडीचच्या थोडे वर, बाकी चार्जरच्या उष्णतेत. हा आकडा पेटीच्या आत खडूनं लिहून ठेवलाय. गाडीचं ॲप 'बॅटरी हेल्थ'चा हिरवा टिळा दाखवतं, त्यावर माझा फार विश्वास नाही. तेवढेच टक्के भरायला पुढं कमी युनिट लागायला लागले की बॅटरी आटायला लागली, हे मीटर सांगेल.

२९ मार्च

संध्याकाळी ७ ते १० गावठाण फीडरवर १९०-१९५ व्होल्ट. कूलर सुरू झालेत. ओळखीच्यांनी स्टॅबिलायझर सुचवला. गरज नाही. चार्जरवर १७० ते २७० व्होल्ट छापलंय. व्होल्टेज पडलं की तो तेवढे वॅट मिळवायला थोडा जास्त करंट ओढतो, १९० ला साडेचारच्या आसपास. जाड वायर इथं उपयोगी पडते. स्टॅबिलायझर स्वतः गरम होऊन वर वीज खाईल. त्यापेक्षा ही वेळच टाळू.

१९ एप्रिल

खरा प्रकल्प आजपासून. आतापर्यंतची तयारी कुठल्याही गावात सारखीच झाली असती.

दुपारी ३ वाजता, साधा पाऱ्याचा थर्मामीटर. पत्र्याच्या शेडखाली ४७. गोठ्यात ३५. बारा अंशांचा फरक, एक रुपयाची वीज न लावता. धाब्याची माती दिवसभर ऊन पिते आणि आत यायच्या आत रात्र होते. नवीन स्लॅबच्या घरात हे मिळणार नाही.

पण गाडी दिवसभर जळगावात असते, गोठ्यात नाही. संध्याकाळी सव्वासहाला घरी आलो तेव्हा ॲपवर बॅटरी ४६ अंश. लिथियम सेल चार्ज करायची नेहमीची वरची मर्यादा ४५ च्या आसपास धरतात. म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी घरी येऊन लगेच प्लग खोचणं, जे सगळे करतात, ते एप्रिल-मेमध्ये सगळ्यात वाईट वेळी होतं: बॅटरी तापलेली, व्होल्टेज पडलेलं. रात्री दहाला बघितलं, ४१. एवढा मोठा पॅक ॲल्युमिनियमच्या डब्यात बंद, तो कपबशीत ओतलेल्या चहासारखा निवत नाही. पहाटे पाचला ३३.

पाण्याच्या मोटरला लावतात तो १६ अँपिअरचा टायमर आणला. रात्री प्लग खोचून ठेवायचा, टायमर पहाटे साडेतीनला सुरू. रोजची धाव पंचवीस किलोमीटरच्या आतबाहेर, त्यात २५-३० टक्के जातात, म्हणजे एक-सव्वा तास पुरतो. पावणेपाचला बंद, तेव्हा ॲपवर ८० च्या आसपास. पहाटे व्होल्टेज २३५.

ऐंशीच का? पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टला असतो, ऐंशीला साधारण ४. जास्त व्होल्टेज आणि जास्त उष्णता एकत्र आली की सेलच्या आतल्या रासायनिक झिजेला वेग येतो, गाडी उभी असली तरी. सकाळी शंभर टक्के भरून नेलेली गाडी एमआयडीसीच्या स्टँडवर उन्हात आठ तास उभी, यापेक्षा वाईट वागणूक बॅटरीला देता येणार नाही. तीच गाडी सत्तरला उभी असेल तर निभावतं.

स्टँडवर पत्रा, कुंपणाजवळ कडुनिंब. दोन्हीकडे उभी करून बघितली. निंबाखाली संध्याकाळी चार अंश कमी. पक्ष्यांचा त्रास आहे, सीट पुसावी लागते. सोसू.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)

दोन्ही बहिणी माहेरी. वर कूलर, खाली कूलर, मिक्सरवर कैरीचं पन्हं, चुलीवर खापर आणि आईच्या हातचे मांडे. मेन बोर्डाला हात लावला तर कोमट. आज टायमर बंद ठेवला. ६२ टक्के आहे, भुसावळला जाऊन यायला भरपूर.

१३ मे

संध्याकाळी वादळ. केळीच्या बागा आडव्या, खांब वाकले, रात्रभर लाईट नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आली ती तीनदा जाऊन-येऊन. असं होणार हे धरून एप्रिलपासून चाळीसच्या खाली गाडी जाऊ देत नाही, त्यामुळं ड्युटी चुकली नाही. वीज परत आली की लगेच चार्जर लावायचा नाही, अर्धा तास व्होल्टेज बघायचं. एसपीडी आहे, पण त्याच्या भरवशावर झटके मोजत बसू नये.

नाना बोर्ड घेऊन आले. प्लग आता सॉकेटातून निघतच नाही. पाऊस लागला की त्यांच्याकडे वेगळी लाईन टाकायचं ठरलं.

२५ मे

अर्थ टेस्टर परत आणला. ४.१ चे ७.८ ओम झालेत, नहाणीचं पाणी मुरूनही. नरसाळ्यातून दोन बादल्या ओतल्या, तासाभरानं ५. आता दर रविवारी तुळशीबरोबर याला पाणी. आबा म्हणतात, "त्याला पालवी फुटली की सांग."

१० जून

पश्चिमेचा वारा. आपल्याकडून जळगाव पश्चिमेला, त्यामुळं जाताना छातीवर, येताना पाठीवर. ॲपवर जाताना किलोमीटरला ३८ वॅट-तास, येताना २७. रस्ता तोच, माणूस तोच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, आणि वारा समोरून असला तर तो गाडीच्या वेगातच जमा होतो. साठऐवजी पंचेचाळीसनं गेलो तर ३८ चे ३१. हायवेवर ट्रक मागून भोंगे मारतात म्हणून रोज जमत नाही.

२२ जून

कारखान्यातल्या एका सहकाऱ्याची तक्रार: काटा १८ वरून एकदम ४ वर, गाडी रस्त्यात आडवी. सर्व्हिस सेंटरनं बॅटरी बदलावी लागेल असं सांगून खर्चाचा आकडाही दिला. त्याची गाडी एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) सेलची. हे सेल उष्णता जास्त सोसतात, आयुष्यही जास्त, पण त्यांचं व्होल्टेज मधल्या सगळ्या टप्प्यात जवळपास सपाट असतं. त्यामुळं बीएमएसला व्होल्टेज बघून टक्के ओळखता येत नाहीत, तो आत-बाहेर गेलेला करंट मोजत राहतो आणि मोजणीतली चूक साचत जाते. ती पुसली जाते पूर्ण भरल्यावर. हा बाबा माझं ऐकून महिनोन्‌महिने ७०-८० लाच थांबत होता. एनएमसीचा नियम एलएफपीला जसाच्या तसा लागू नाही हे मी तेव्हाही सांगितलं होतं, पण त्यानं ऐंशीचा आकडा तेवढा उचलला. गाडी शंभरपर्यंत भरून, करंट थांबेपर्यंत प्लगवर ठेवायला लावली. काटा ताळ्यावर आला. एलएफपीवाल्यांनी आठवड्यातून एकदा तरी शंभर करावं, कंपनीच्या पुस्तिकेतही बहुधा तसंच असतं. वाचतं कोण?

मी स्वतः महिन्यातून एकदा शंभर करतो, सेल सारखे व्हावेत म्हणून. त्यासाठी थंड पहाट निवडतो, आणि भरल्यावर लगेच निघतो.

६ जुलै

पैशांचा हिशेब. सबमीटरवर महिन्याला तीस युनिटच्या आसपास. बिलात हे सरासरी दरानं मोजणं म्हणजे स्वतःची समजूत घालणं. घरचे १०० युनिट आधीच होतात, म्हणजे स्कूटरचा प्रत्येक युनिट १०१ ते ३०० च्या टप्प्यात पडतो, आणि तिथला दर पहिल्या टप्प्याच्या दुपटीच्या जवळ. तसा धरूनही किलोमीटरला पन्नास पैशांच्या आत. जुनी पेट्रोलची स्कूटर सव्वादोन रुपये खायची.

१ जुलैपासून स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत. आपला मीटर बदललेला आहे. पण नेमकी त्याच वेळी गाडी एमआयडीसीत, आणि उन्हाळ्यात तीच सगळ्यात तापलेली वेळ. मिळाली तरी महिन्याला वीस-पंचवीस रुपये. त्यासाठी मे महिन्यात दुपारी चार्जिंग करणं हा आतबट्ट्याचा व्यवहार. पावसाळ्यात आणि थंडीत मात्र हरकत नाही: रविवारचं चार्जिंग आता दुपारी अकराला. नानांची गाडी दिवसभर घरीच असते, त्यांना ही वेळ सांगितली.

२० जुलै

आरसीसीबी पडला. उचलला, परत पडला. चार्जर काढला, तरी पडतोच. म्हणजे दोष गाडीत नाही, चार्जरमध्ये नाही. वायर मेन बोर्डाकडून सोडवली, आरसीसीबी टिकला. म्हणजे लाईन किंवा पेटी. मेन बंद करून पेटी उघडली. लाल मुंग्यांनी सॉकेटच्या मागं बारीक ओल्या मातीची भिंत बांधलेली, फेजच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत. मधे पांढरी अंडी. ब्रशनं साफ केलं, वाळवलं, वायर शिरते ते भोक सिलिकॉननं बुजवलं. परत जोडलं, टिकलं.

बॅटरी आयपी ६७ आहे, म्हणजे पाण्यात बुडाली तरी काही वेळ टिकायला हवी. २०२२ मधल्या आगींनंतर एआयएस-१५६ चे (बॅटरीच्या सुरक्षेचे) नियम त्याच डिसेंबरपासून आणि पुढं मार्च २०२३ अखेरपासून कडक झाले, त्यानंतरचाच हा पॅक आहे. चार्जर आणि सॉकेटला मात्र तसलं कवच नाही. पावसातून आल्यावर चार्जिंगच्या झाकणात फडकं फिरवल्याशिवाय प्लग लावायचा नाही. गोठ्याच्या दाराशी वाळूची बादली आणि पावडरचा छोटा सिलिंडर आहे, तो वायरच्या आगीपुरता. सेल पेटले तर गाडी वाचवत बसायचं नाही, माणसं बाहेर, लांबून भरपूर पाणी. पोरांनाही सांगितलंय.

३ ऑगस्ट, रविवार

यावलला मावशीकडे कानबाईचा सण. पहाटे शंभर भरून निघालो, साकेगाव, भुसावळ, तापीचा पूल. जाऊन-येऊन सत्तरच्या आत. मावशी म्हणाली, "लाव ना इथं गाडीले, लाईट काय आमची सरली का?" डिक्कीत तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर असतो, तो खोचला: अर्थ नाही. चार्जर बाहेरच काढला नाही. उद्या कानबाईच्या रोटांसाठी (प्रसादाच्या जेवणासाठी) थांब म्हणत होती, पण सोमवारची पहिली पाळी. रात्री घरी पोचलो तेव्हा १९ टक्के. लगेच लावली, बॅटरी ३४ अंशच होती.

२४ ऑगस्ट

मार्चचंच मोजमाप पुन्हा: १५ ते १००, २.९२ युनिट. फरक इतका बारीक की चार्जरचा, हवेचा की बॅटरीचा, सांगता येणार नाही. पेटीत दुसरा आकडा लिहिला.

बाकी कामं: नानांच्या लाईनसाठी वायर आणि आरसीसीबी आणलाय, खड्डा त्यांच्या नळाजवळ. एसपीडीचा हिरवा दिवा बघणं. चार्जरच्या पंख्यात कापसाची धूळ अडकते, ती ब्रशनं काढणं, वेचणी सुरू झाल्यावर जास्त वेळा. ऑक्टोबरचं ऊन लागलं की रविवारचं अकराचं चार्जिंग बंद, टायमर परत सगळे दिवस साडेतीनवर.